दहा नंबर गेटची गेली का?

पुण्यातल्या वारजे माळवाडीच्या थांब्यावर संध्याकाळी सहानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) दहा नंबर गेटला जाणाऱ्या बसबद्दल हा प्रश्न सारखा कानावर पडतो. "दादा, दहा नंबर गेटची गेली का?" मागचा टपरीवाला चहा गाळता गाळता सांगतो, "आत्ताच गेली, मावशी. आता येईल ती शिवण्यापर्यंतच जाते. तुम्हाला उत्तमनगर ना? मग तिच्या मागची धरा. तीपण भरलेलीच असणार." मावशी भाजीची पिशवी कठड्यावर टेकवतात, घरी फोन लावून "कुकर लाव गं, मला वेळ लागेल" म्हणतात आणि उभ्या राहतात.

एवढ्या बोलण्यात टपरीवाल्यानं चार गोष्टी सांगितल्या. कोणती बस गेली, पुढची कुठपर्यंत जाते, तिच्यामागून कोणती येते आणि तिच्यात जागा असेल का. वाहतुकीचा डेटा म्हणतात तो हाच. तो त्यानं फुकट दिला, विचारेल त्याला दिला, "तुम्हाला कशाला हवाय?" असं उलट विचारलं नाही. त्याच्या तेवढ्या बोलण्यावर एका घरातला कुकर लागला. शहरातली कार्यालयं मात्र आपापल्या माहितीवर बसून असतात. मला त्याचा राग येतो, आणि आज तो लपवायचा नाही.

माहिती गोळाच होत नाही, अशी सबब आता चालणार नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या बस आणि टॅक्सींत ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि संकटाचं बटण केंद्रानं सक्तीचं केलं. वाहकाच्या गळ्यातलं तिकीट यंत्र कोणत्या टप्प्यावर किती तिकिटं फाटली आणि कुठपर्यंतची फाटली, याची नोंद ठेवतं. ठेकेदाराच्या बसला पैसे किलोमीटरवर मिळतात. म्हणजे ती किती धावली हे मोजल्याशिवाय बिलच निघत नाही. २०२४ पासून शहराच्या बस कंपनीच्या 'आपली पीएमपीएमएल' ॲपवर बस नकाशावर दिसू लागली. त्याचं मी मनापासून स्वागत केलं, आजही करतो.

पण ॲपवर 'आत्ता' दिसतं. जुलै महिन्यात माळवाडीच्या थांब्यावर दोन बसमध्ये सरासरी किती मिनिटं गेली, पाऊस असलेल्या दिवशी किती, शाळा सुटायच्या वेळी किती, हे कळायला महिन्याभराच्या नोंदी एकत्र हाती लागाव्या लागतात. त्या नोंदी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला, नगरसेवकाला, वार्ताहराला, प्रवासी संघटनेला, कुणालाही उचलून नेता आल्या पाहिजेत. मावशींना रोज उशीर का होतो, याचं उत्तर त्या नोंदींत आहे.

आणि हे मागताना हात पसरायची गरज नाही. दोन्ही शहरांच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, एकत्र करून २००७ मध्ये पीएमपीएमएल (बोलण्यात पीएमपी) झाली, तिच्यात पुणे महापालिकेचा वाटा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४०. तूट दोन्ही पालिका त्याच हिश्शानं भरून काढतात. म्हणजे वारज्यातला माणूस एकदा मिळकतकरातून पैसे देतो आणि दुसऱ्यांदा तिकिटातून. १ जून २०२५ पासून किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, तेही त्यानं दिलं. दोनदा पैसे मोजलेल्या वस्तूची पावती तरी त्याला मिळावी.

आता वारज्याच्या पुलाखाली उभं राहून चौफेर बघा. डोक्यावरून जाणारा बाह्यवळण महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. खालचे रस्ते महापालिकेचे. सिग्नल उभारायचा पालिकेनं, त्यावर वाहतूक चालवायची पोलिसांनी. बस पीएमपीची. जवळची मेट्रो वनाजला, ती महामेट्रोची. हिंजवडीची मेट्रो पीएमआरडीएची. रिक्षा आणि टॅक्सीचे परवाने आरटीओकडचे. रात्री पुलाजवळ सातारा-कोल्हापूरच्या दिशेनं जाणाऱ्या ट्रॅव्हल्स भरतात, त्या खासगी. सकाळी हिंजवडीकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बस, त्याही खासगी. एवढ्याशा जागेत इतके मालक, आणि प्रत्येकाकडे आपापल्या तुकड्याची वही. रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांना मात्र चौक एकच असतो.

या सगळ्यांनी एका टेबलाशी बसावं, हे शहाणपण काही मला आज सुचलेलं नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं मोठ्या शहरांना एकात्मिक परिवहन प्राधिकरण नेमायला सांगितलं. २०१७ च्या मेट्रो धोरणानं तर मेट्रोसाठी केंद्राचा पैसा हवा असेल तर ते बंधनकारक केलं. पुण्यात 'पुम्टा' या नावानं ते अस्तित्वात आहे. माझं मत स्पष्ट आहे: अशा प्राधिकरणानं उड्डाणपुलांच्या सादरीकरणांआधी सगळ्यांच्या वह्या एका टेबलावर उघडाव्यात. ते जमलं नाही, तर बाकीच्या बैठका चहापाण्याच्या.

कंपन्यांच्या बसचंच घ्या. सकाळी वारज्याच्या सेवारस्त्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलंमुली घोळक्यानं उभी असतात. कोणत्या कोपऱ्यावरून किती जण, किती वाजता चढतात, हे प्रत्येक कंपनीच्या वाहतूक विभागाला नेमकं ठाऊक असतं. त्यावरच तर बस लावली जाते. नावं नकोत, कंपनीचं नावही नको. फक्त जागा, वेळ आणि डोकी. एवढे तीन रकाने दहा कंपन्यांनी पीएमपीला दिले, तर वारज्याहून हिंजवडीला थेट बस कधी आणि किती सोडावी याचा अंदाज बांधायला वेगळं सर्वेक्षण नेमावं लागणार नाही. बदल्यात पीएमपीनं आपल्या बसच्या वेळा त्यांना द्याव्यात. निम्म्या रिकाम्या धावणाऱ्या चार बसच्या जागी दोन भरलेल्या धावतील. खासगी आणि सरकारी यांनी मिळून काम करायचं म्हणजे आणखी वेगळं काय करायचं असतं?

माहिती द्यायची कशी, याचं उत्तर तर वीस वर्षांपासून तयार आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ट्रायमेट या वाहतूक संस्थेतल्या बिबियाना मॅकह्यू यांना एक साधी गोष्ट बोचत होती: गाडीनं जायचा रस्ता संगणक क्षणात दाखवतो, बसनं जायचा का दाखवत नाही? त्यांनी गूगलशी बोलणी केली आणि २००५ मध्ये बसच्या माहितीचा एक साचा ठरला. आज त्याला जीटीएफएस म्हणतात आणि जगभरातल्या वाहतूक संस्था तो वापरतात. नाव ऐकून दडपून जाऊ नका. आत साध्या मजकुराच्या चार-सहा फायली असतात, कोणत्याही कार्यालयातला कारकून उघडू शकेल अशा. एका फायलीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत कोणती फेरी कोणत्या थांब्यावर किती वाजता. थांब्यांच्या फायलीत माळवाडीची एक ओळ: क्रमांक, नाव, अक्षांश १८.४८ च्या आसपास, रेखांश ७३.८० च्या आसपास. संपलं.

पण घोडं अडतं ते याच ओळीत, म्हणून इथं थोडा वेळ घेतो. 'वारजे' इंग्रजीत कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं. 'माळवाडी'त पुन्हा तेच. टपरीवाल्याला काही फरक पडत नाही, संगणकाला मात्र ती चार वेगळी गावं वाटतात. 'वारजे पूल' म्हणजे पुलावरचा थांबा की खालचा? शहराकडे जाणाऱ्या बाजूचा की एनडीएकडे जाणाऱ्या? रस्त्याच्या दोन बाजूंना दोन थांबे आणि नाव एकच असेल, तर ॲप माणसाला समोरच्या बाजूला उभं करून मोकळं होतं. एका कार्यालयाच्या यादीत थांबा मूळ जागेवर, दुसऱ्याच्या नकाशावर रस्ता रुंद केल्यानंतर शंभर पावलं पुढं. असे दोन तक्ते जुळवायचे, तर आधी प्रत्येक थांब्याला सगळ्यांनी मान्य केलेला एकच क्रमांक लागतो. आपल्या गाड्यांना जसा नोंदणी क्रमांक असतो तसा. हे काम रटाळ आहे, त्यात फीत कापायला काही नसतं, म्हणून ते मागं पडतं. पुण्यात काही तरुणांनी काही वर्षांपूर्वी फावल्या वेळात, स्वतःच्या लॅपटॉपवर, पीएमपीचे मार्ग या साच्यात बसवायची खटपट केली होती. अशा हातांना कार्यालयात बोलावून खुर्ची द्या. मानधनही द्या.

दुसरीकडे माहिती अशी खुली झालीय. कोची मेट्रोनं २०१८ मध्ये आपली वेळापत्रकं या साच्यात खुली केली. त्याच वर्षी दिल्ली सरकारनं आयआयआयटी-दिल्लीच्या मदतीनं बसचे मार्ग, वेळा आणि थेट ठावठिकाणा कुणालाही वापरता येईल असा दिला. लंडनच्या वाहतूक संस्थेनं माहिती फुकट खुली ठेवली. २०१७ मध्ये डेलॉइटनं हिशेब केला तेव्हा त्यातून प्रवाशांना, शहराला आणि संस्थेला मिळून वर्षाला १३ कोटी पौंडांपर्यंत लाभ होतो असं निघालं. त्या माहितीवर सहाशेच्या वर ॲप उभी राहिली आणि ती बनवायला संस्थेला पदरचा पैसा घालावा लागला नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. माहिती खुली केली तर माणसाचा माग काढला जाईल. भीती खरी आहे, कारण आपल्याकडे तसं घडलंय. रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१९ मध्ये वाहनं आणि परवान्यांचा साठा घाऊक भावात द्यायचं धोरण आणलं. व्यापारी संस्थेला वर्षाला तीन कोटी रुपये, शिक्षणसंस्थेला पाच लाख. त्याच जुलैत संसदेत सांगितलं गेलं की वाहन आणि सारथी या दोन साठ्यांतली माहिती ८७ खासगी कंपन्या आणि ३२ सरकारी संस्थांना दिली आणि त्यातून ६५ कोटी मिळाले. ज्यांच्या गाड्या होत्या, त्या मालकांना कुणी विचारलं नव्हतं. ओरड झाली, आणि २०२० मध्ये धोरण मागं घ्यावं लागलं.

त्यातून धडा घ्यायचा तो असा: बसचा ठावठिकाणा सगळ्यांचा, माणसाचा ठावठिकाणा त्याचा एकट्याचा. बस कुठं आहे हे जगाला सांगा. तिच्यात कोण बसलंय, कुणाचं कार्ड कुठं वाजलं, हे कुणालाही नका सांगू, पोलिसांनासुद्धा कायदेशीर आदेशाशिवाय नाही. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडे आहे. त्याच्या आडोशानं बसचं वेळापत्रक झाकून ठेवलं, तर मात्र तो कायद्याचा अपमान होईल.

कंपन्यांच्या मर्जीवर राहायचं नाही, हेही लक्षात ठेवावं. उबरनं २०१७ मध्ये 'मूव्हमेंट' नावानं शहरांमधल्या प्रवासाला लागणाऱ्या वेळांची माहिती नियोजनकारांसाठी खुली केली होती. भारतातल्या शहरांनाही तिचा उपयोग होत होता. २०२३ मध्ये कंपनीनं ती बंद केली. दिलेलं दान कुणीही परत घेऊ शकतं. म्हणून ॲपवरच्या टॅक्सी, रिक्षा, ट्रॅव्हल्स आणि घरपोच सामान पोचवणाऱ्यांना परवाना देताना, नावं काढून टाकलेली ठरावीक माहिती दर महिन्याला द्यायची, ही अट कागदावर लिहून घ्यावी.

आता महामार्गाकडे येतो, कारण तिथं प्रश्न कुकरच्या शिट्टीचा उरत नाही. वारज्याहून दक्षिणेला त्याच रस्त्यावर नवले पूल आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथं एका ट्रकनं डझनावारी गाड्या चिरडत नेल्या. १३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी एका कंटेनरनं पुन्हा तेच केलं, आग लागली, आठ माणसं गेली. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, हा सरकारचा आकडा आहे.

या मरणांच्या नोंदीसाठी मात्र एक बरी यंत्रणा उभी राहिली आहे. आयआयटी मद्रासनं आखलेली, एनआयसीनं राबवलेली अपघात नोंदींची व्यवस्था २०२१ मध्ये सहा राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्र त्यांतलं एक. अपघाताच्या जागी पोचलेला हवालदार मोबाइलवर जागा टिपतो, फोटो काढतो, गाड्या, हवामान, रस्त्याचा उतार भरतो. तिथून ती नोंद आरटीओच्या निरीक्षकाकडे जाते, तो ब्रेक तपासतो. रस्ता ज्याचा, त्या खात्याच्या अभियंत्याकडे जाते, त्यानं वळण आणि कठडा बघायचा. रुग्णालयाकडे जाते, तिथं दुखापत नोंदवायची. चार खात्यांनी एकाच घटनेवर एकाच पानावर लिहायचं, हे आपल्या कारभारात फार थोड्या ठिकाणी घडतं. ते घडवणाऱ्यांना माझा नमस्कार.

पण हे पान लोकांसमोर यायला हवं. 'ब्लॅक स्पॉट'ची सरकारी व्याख्या अशी: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे जागा धोक्याची ठरायला आधी माणसं पडावी लागतात. त्याच्या कितीतरी आधी तिथं दुचाकी घसरत असतात, मनगटं मोडत असतात, भांडण जागेवरच मिटतं आणि पोलिसांपर्यंत काही जात नाही. ही मोडलेली मनगटं कुणाला दिसतात? १०८ च्या रुग्णवाहिकेला आणि वारजे-कर्वेनगरच्या हाडांच्या डॉक्टरांना. रुग्णाचं नाव गाळून फक्त 'कुठं पडला आणि किती वाजता' एवढं जरी दवाखान्यांनी कळवलं, तरी पाच गंभीर अपघातांची वाट न बघता उतारावर पट्टे मारता येतील, दिवा लावता येईल. माझ्या दृष्टीनं सगळ्या विषयातली ही सर्वांत निकडीची गोष्ट. बाकी सगळं थांबू शकतं.

हे पुण्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. माहितीचा अधिकार देशात १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला आणि देशातला पहिला अर्ज त्याच दिवशी पुण्यात, एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. अर्ज न करता दर सोमवारी दुपारी नागरिकांनी येऊन फायली बघाव्यात, ही रीत पुणे महापालिकेनं पाडली. २०१८ मध्ये राज्य सरकारनं तोच नियम जिल्ह्यांतली कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लावला. पालखी शहरात येते तेव्हा ती कुठं पोचली आणि कोणते रस्ते बंद आहेत, हे पोलीस अलीकडे नकाशावर थेट दाखवतात. पालिका, पोलीस आणि देवस्थान त्यासाठी हातात हात घालतात. पालखीच्या दोन दिवसांसाठी जे जमतं, ते वर्षभर जमवायला कुणाची हरकत आहे?

वेळही हीच आहे. नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग ही मेट्रो मार्गिका केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर केली. खराडी–खडकवासला मार्गिकेसह ३१.६ किलोमीटर, २८ स्थानकं, ९,८५७ कोटी रुपये. म्हणजे वारज्यात बॅरिकेड लागणार, वळणं बदलणार, थांबे सरकणार. कर्वे रस्त्यानं हे सोसलंय, त्या दिवसांत कुठला थांबा कुठं गेला हे सकाळी थांब्यावर जाऊनच कळायचं. निविदेत एक कलम घाला: बॅरिकेड लावायच्या आठ दिवस आधी बंद होणारी मार्गिका, पर्यायी रस्ता आणि हलवलेला थांबा खुल्या साच्यात जाहीर झाला पाहिजे, आणि नाही झाला तर ठेकेदाराचं बिल अडलं पाहिजे. महावितरण, गॅस आणि केबलवाल्यांच्या खोदाईलाही हेच कलम लावा. खोदाईची परवानगी पालिकाच देते, मग तारीख आणि जागा नकाशावर टाकायला कुणाची वेगळी परवानगी लागत नाही.

वाचकहो, एक काम करा. महापालिकेत जा. आपल्या थांब्यावरून गेल्या महिन्यात किती फेऱ्या जायच्या होत्या आणि प्रत्यक्षात किती गेल्या, त्याचा तक्ता मागा. पीएमपीच्या कार्यालयाकडे बोट दाखवलं, तर तिथं जा आणि माहितीच्या अधिकारात हेच लिहून द्या. अर्जाला दहा रुपये लागतात. वारज्यातून शंभर अर्ज गेले, तर शंभर वेळा झेरॉक्स काढण्यापेक्षा तो तक्ता एकदाच संकेतस्थळावर टाकणं कार्यालयाला स्वस्त पडेल.